लाइटनिंगच्या रेलवर ४० पीएसआय बरोबर दिसतंय, तरी जोर लावला की इंजिन का खडखडतं?

द्राक्षवाला_ह्यूस्टन

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

गेल्या ऑक्टोबरात एक जुना पिकअप घेतला. फोर्डचा एफ-१५० एसव्हीटी लाइटनिंग, २००३ चा, काळा. ५.४ लिटरचं व्ही८, डोक्यावर ईटनचा एम११२ सुपरचार्जर (इंजिनात दाबाने हवा कोंबणारा ब्लोअर), कागदावर ३८० हॉर्सपॉवर. घरी सांगताना 'तांदळाची पोती आणायला बरं पडेल' असं सांगितलंय. ते अगदीच खोटं नाही, दोनदा आणली.

गाडी मूळची ओहायोची. आधीच्या मालकाने इंजिनात बरीच बोटं घातलेली दिसतात: कुठे नवी नळी, कुठे टी, कुठे इन्सुलेशन टेप. सुपरचार्जर कंपनीच्याच पुलीवर आहे, बूस्ट (कोंबलेल्या हवेचा दाब) कंपनीने दिलेला ८ पीएसआयच येतो. डॅशवर कंपनीचं बूस्टचं गेज आहे, त्यावर बघतो.

आता तक्रार. सावकाश चालवली तर गाय आहे. हायवेला चढताना पाय पूर्ण दाबला की ४५०० च्या पुढे पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवल्यासारखा आवाज येतो. मी लगेच पाय काढतो. पेट्रोल प्रीमियमच घालतो, टेक्सासात ९३ ऑक्टेनचं मिळतं.

इथल्या एका गॅरेजवाल्याने गाडी न बघताच 'फ्युएल पंप बदला' म्हणून सांगितलं. आकडा ऐकून मीच घरी आलो आणि एक साधं काट्याचं फ्युएल प्रेशर गेज आणलं. रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह आहे, त्याला जोडलं, नळी बॉनेटखालून बाहेर काढली आणि गेज काचेवर बाहेरून टेपने चिकटवलं. फोनवर व्हिडिओ घेतला. आकडे असे:

स्लोला ३१. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची रबरी नळी काढून स्लोला ४०. ताशी ६० मैलांनी आरामात जाताना ३३-३४. पूर्ण पाय, ३००० आरपीएम: ४०. ४०००: ४०. ५०००: ३७.

जिथे वाचावं तिथे लिहिलंय की या गाडीला ४० पीएसआय हवं. माझं ४० येतंय. शेवटी तीन कमी होतं, पण तीनाने काय होणार? मग दोष दुसरीकडे आहे का? कॉइल, प्लग, ऑक्सिजन सेन्सर? मी डेटाबेसवाला माणूस आहे, इंजिनातलं मला फक्त तेल बदलता येतं. कुणी जाणकार असेल तर समजेल असं सांगा.

पुणेरी_डिझेल

४० पीएसआय म्हणजे जेमतेम पावणेतीन-तीन किलो! आमच्या कॉमन रेल डिझेलला १६०० बार असतो, म्हणजे सोळाशे किलोच्या वरच. त्यावर टर्बोही आहे. टर्बोने कितीही फुंकलं तरी डिझेलच्या प्रेशरला काही फरक पडत नाही. तुमच्या गाडीत ८ पीएसआय बूस्टने काय आभाळ कोसळणार? प्रेशर सोडा, दुसरं काहीतरी बघा.

आणि ९३ बद्दल एवढं कौतुक कशाला? इथे साध्या पंपावरही ९१ मिळतं.

कोब्रा०३

माझ्याकडे २००३ ची मस्टँग कोब्रा आहे, ४.६ लिटर, सुपरचार्जर तुमचाच, एम११२. स्कॅनरवर रेल प्रेशर बघतो. स्लोला ३९-४०, पूर्ण बूस्टमध्येही ३९-४०. म्हणजे तुमचे आकडे ठीक आहेत. उलट स्लोला ३१ हेच मला कमी वाटतंय. प्लग उघडून बघा आधी.

बारा_तेराचा_पाना

वरचे दोन्ही प्रतिसाद आपापल्या गाडीपुरते खरे आहेत, आणि दोन्ही इथे लागू नाहीत. धागाकर्ते, आधी एक काम करा: हे वाचून होईपर्यंत आणि नंतरही काही दिवस पाय ४००० च्या वर नेऊ नका. तो गोट्यांचा आवाज म्हणजे नॉकिंग, सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी आपोआप भडकणं. बूस्टखालचं नॉकिंग पिस्टन खातं, आणि या इंजिनातले पिस्टन फोर्ज्ड नाहीत.

मी डिट्रॉइटच्या बाजूला इंजेक्टरच्या फ्लो बेंचवर अकरा वर्षं काढली. तिथे नवीन आलेल्या प्रत्येक पोराला पहिला प्रश्न हाच विचारायचो: ४० म्हणजे कशाच्या तुलनेत ४०?

तुमच्या गेजचा शून्य म्हणजे बाहेरची हवा, ह्यूस्टनची. ते सांगतं की रेलमधलं पेट्रोल बाहेरच्या हवेपेक्षा ४० ने जास्त दाबात आहे. पण इंजेक्टर पेट्रोल बाहेरच्या हवेत सोडत नाही. त्याचं तोंड मॅनिफोल्डमध्ये आहे, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्यात. त्याला कळतो तो फक्त फरक, म्हणजे मागे रेलमध्ये किती आणि पुढे मॅनिफोल्डमध्ये किती.

स्लोला मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, १८ इंच व्हॅक्यूमच्या आसपास, म्हणजे बाहेरच्यापेक्षा सुमारे ९ पीएसआय कमी. गेज ३१ दाखवतं, पुढून ९ ची ओढ, इंजेक्टरच्या दृष्टीने ४०. आता पूर्ण बूस्ट. मॅनिफोल्ड ८ ने उलट ढकलतंय. फरक ४० च राहायला हवा असेल तर गेजवर किती दिसायला हवं? ४८. तुमच्याकडे ५००० ला ३७. त्यातून ८ वजा करा. इंजेक्टरला २९ मिळतायत.

'तीनाने काय होणार' म्हणालात ना? तीनाने नाही, अकराने कमी आहे.

पेट्रोल किती जाईल ते दाबाच्या थेट प्रमाणात नसतं, वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. २९ भागिले ४०, त्याचं वर्गमूळ ०.८५. म्हणजे पंधरा टक्के पेट्रोल कमी. बूस्टमध्ये साडेअकरा भाग हवेला एक भाग पेट्रोल असं मिश्रण हवं असेल तर तुम्हाला साडेतेराला एक मिळतंय, आणि नॉकिंग त्यातूनच. कॉम्प्युटरला याचा पत्ता नाही. तो येणारी हवा मोजतो, फरक ४० धरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो आणि गप्प बसतो. या ट्रकात रेलचं प्रेशर बघायला सेन्सर नाही.

पुणेरी, तुमचं उत्तर इथेच आहे. १६०० बारमध्ये टर्बोचा दीड बार वजा केला तर काय उरतं? जवळजवळ १६०० च. म्हणून तिथे कुणी बघत नाही. थेट सिलिंडरमध्ये शिंपडणाऱ्या नव्या पेट्रोल इंजिनांनाही १५०-२०० बार असतात, तिथेही तेच. इथे मात्र ४० मधून ८ जातात, पाचवा हिस्सा. बाकी तुमचं ९१ आणि इथलं ९३ एका फूटपट्टीचे नाहीत. भारतातला आकडा नुसता आरओएन असतो, अमेरिकेतल्या पंपावरचा आरओएन आणि एमओएन (ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती) यांची सरासरी. तुमचं ९१ इथल्या साध्या ८७ च्या जवळ जातं.

कोब्रा, तुमच्या गाडीला रिटर्न लाईनच नाही, म्हणजे जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी. तिथे कॉम्प्युटर पंपाचा वेग कमीजास्त करतो, आणि रेलवरच्या सेन्सरला मॅनिफोल्डची बारीक नळी जोडलेली असते. तो सेन्सर वजाबाकी करूनच सांगतो. तुमचे ४० म्हणजे फरक, यांचे ४० म्हणजे गेज. साधं काट्याचं गेज लावलंत तर तुमच्याही गाडीत स्लोला ३१ च्या आसपास दिसेल. आणि प्लग उघडा म्हणता ते इंजिन पूर्ण गार असताना. या ५.४ च्या दोन व्हॉल्व्हवाल्या हेडमध्ये प्लगला जेमतेम चार आटे धरायला असतात. प्लग आट्यांसकट उडालेली इंजिनं मी स्वतः पाहिली आहेत.

आता लाइटनिंगचं. नावावरून तुमच्याकडे बाग असावी. मग ठिबकच्या हेडवरचा बायपास कॉक आठवा. मोटर नेहमी गरजेपेक्षा जास्त पाणी ओढते, ड्रिपरला एक किलोच हवा असतो, म्हणून जास्तीचं पाणी बायपासने परत विहिरीत. कॉक दाबला की लाईनचं प्रेशर चढतं, उघडला की उतरतं. लाइटनिंगमध्ये टाकीतले दोन पंप म्हणजे मोटर, रेल म्हणजे सबमेन, आणि रेग्युलेटर म्हणजे तो कॉक. फरक एवढाच की हा कॉक फिरवायला माणूस नाही, आत स्प्रिंग आणि पडदा आहे. पडद्याच्या मागे ती रबरी नळी येते, मॅनिफोल्डमधून. मॅनिफोल्ड ओढायला लागलं की पडदा मागे जातो, रिटर्न जास्त उघडतो, प्रेशर उतरतं. बूस्ट आला की पडद्यावर ८ ने दाब येतो, रिटर्न आवळतो, प्रेशर ८ ने चढतं. सगळी हुशारी त्या नळीत आहे.

आता तुमचे आकडे परत वाचा. नळी काढल्यावर ४०. पूर्ण बूस्टमध्ये ३००० लाही ४०. दोन्ही तंतोतंत एक. म्हणजे बूस्टमध्ये रेग्युलेटरला काहीच पोचत नाही, जणू नळी काढून ठेवली आहे. पण स्लोला ३१ येतं, म्हणजे ओढ मात्र पोचते. ओढ येते आणि ढकल येत नाही, असं दोन प्रकारांनी होतं. नळीला चीर असेल तर ओढीने ती मिटते आणि फुगवल्यावर उघडते. किंवा नळी चुकीच्या निपलला असेल. या सुपरचार्जरला थ्रॉटल बॉडी (पाय दाबला की उघडणारी हवेची झडप) ब्लोअरच्या आधी असते. थ्रॉटल आणि रोटर यांच्या मधल्या जागेत स्लोला छान ओढ असते, पाय दाबला की ती शून्यावर येते, पण बूस्ट तिथे कधीच नसतो. बूस्ट तयार होतो ब्लोअरच्या पलीकडे. आधीच्या मालकाची बोटं पाहता माझी पैज दुसऱ्यावर.

हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं त्या ३७ मध्ये आहे. रेग्युलेटर बिचारा ४० धरायचा प्रयत्न करतोय. रेल ३७ वर आली म्हणजे त्याने रिटर्न पूर्ण बंद केलाय, एक थेंब परत जात नाही, तरी पुरत नाही. पुरवठा कमी पडतोय. म्हणजे गाडीत दोष दोन आहेत आणि एक दुसऱ्याला झाकतोय. नळी दुरुस्त केलीत की रेग्युलेटर ४८ मागेल, आणि पुरवठ्याची रड आधीच सुरू होईल. तेव्हा 'पान्याने सांगितलं ते करून उलट बिघडलं' असं म्हणू नका.

३८० हॉर्सपॉवरला पूर्ण जोरात ताशी साधारण १४० लिटर पेट्रोल लागतं. स्लोला त्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून दोनपैकी एक पंप मेला, फिल्टर तुंबला किंवा वायरला गंज लागला तरी स्लोला सगळं आलबेल.

कामं या क्रमाने करा. इंजिन स्लोला ठेवून नळी रेग्युलेटरवरून काढा, मॅनिफोल्डकडचं टोक बंद करा. रेग्युलेटरच्या निपलला गेजवाला सायकल पंप लावून हळूच ८ भरा. रेल ४८ वर गेली तर रेग्युलेटर निरोगी. त्या निपलमधून पेट्रोलचा थेंब किंवा वास आला तर पडदा फाटलाय, इंजिन लगेच बंद करा आणि रेग्युलेटर बदला, तिथून पेट्रोल थेट इंजिनात ओढलं जातं. मग नळी जाते कुठे ते बोटाने शोधा. मग चासीवरचा फिल्टर. मग पंपाच्या कनेक्टरवर, इंजिन चालू असताना, व्होल्ट. पंप बदलायचा विचार सगळ्यात शेवटी. अग्निशामक नळकांडं हाताशी ठेवा, गंमत नाही.

पुणेरी_डिझेल

ऑक्टेनचं आजच कळलं. इतकी वर्षं मी अमेरिकेतल्या मेव्हण्याला '८७ घालता, कसं चालतं तुमचं' म्हणून चिडवत होतो. आता त्याला काही सांगणार नाही.

द्राक्षवाला_ह्यूस्टन

दादा, पैज जिंकलात.

बाग निफाडकडे आहे, वडील बघतात. बायपासचं उदाहरण वाचल्यावर डोक्यात लख्ख पडलं. लहानपणी तो कॉक फिरवण्यावरून मी किती बोलणी खाल्लीत ते मलाच माहीत.

शनिवारचा हिशेब. सायकल पंप शेजाऱ्याच्या पोराचा. ८ भरले, रेल ४८. पंप सोडला, ४०. पेट्रोलचा वास नाही. मग नळीचा माग काढला. टेपचे तीन थर सोलल्यावर ती थ्रॉटलच्या लगेच मागच्या निपलला गेलेली सापडली, ब्लोअरच्या अलीकडे. आणि ब्लोअरच्या खाली मॅनिफोल्डवर एक निपल रबरी टोपी घालून, वर क्लिप मारून, व्यवस्थित बंद केलेलं! इतक्या नीटनेटकेपणाने केलेली चूक मी कामावरही क्वचित बघतो. नवीन नळी आणली, बरोबर जागी लावली, दोन्हीकडे क्लिप.

रस्त्यावर नेली, तुमच्या शब्दाबाहेर न जाता ४००० पर्यंतच. स्लोला ३१, तेच. ३००० ला पूर्ण पाय: ४८. मला वाटलं जिंकलो. ४०००: ४५.

पूर्वी ४००० ला काटा जागचा हलत नव्हता, आता तीन खाली. तुम्ही आधी लिहून ठेवलं नसतं तर मी नळी परत जुन्या जागी लावली असती, खरं सांगतो.

बारा_तेराचा_पाना

छान. पूर्वी मागणी ४० ची होती म्हणून ४००० ला कमतरता दिसत नव्हती. आता ४८ ची आहे, म्हणून दिसतेय. फिल्टर आणि व्होल्ट.

ओहायोची गाडी म्हणालात ना? तिथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. फिल्टरपेक्षा मला अर्थिंगचा संशय जास्त आहे. व्होल्ट दोनदा मोजा. एकदा पंपाच्या प्लसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत, एकदा पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. दुसऱ्या मोजणीत शून्याच्या जवळ यायला हवं. जे काही येईल तेवढे व्होल्ट गंजात जळतायत.

द्राक्षवाला_ह्यूस्टन

पुढचा रविवार.

फिल्टर आधी. रात्रभर गाडी उभी होती, रेलचं प्रेशर व्हॉल्व्हमधून फडक्यात सोडून दिलं, मग चासीखाली. जुना फिल्टर पालथा केला तर चहाच्या गाळासारखं काळं पाणी निघालं. बदलला. ४००० ला ४५ चे ४६ झाले. एकच पीएसआय. तेवढ्या गाळाकडून माझी जास्त अपेक्षा होती.

मग व्होल्ट. गाडी चालू, बॅटरीवर १४.०. पंपाच्या प्लसवर १३.७. म्हणजे जाणारी वायर ठीक. पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत: २.१! पंपाला प्रत्यक्षात ११.६ च मिळत होते. वायर धरून मागे गेलो तर चासीवरच्या बोल्टखाली अर्थिंगचं लग हिरवं-तपकिरी, बोट लावलं की पापुद्रे. बोल्ट सुटायला पाऊण तास आणि बऱ्याच शिव्या लागल्या. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवीन लग, वर ग्रीस. आता ०.१५.

४०००: ४८. मग तुम्हाला मनातल्या मनात विचारून ५०००: ४७. गोट्या नाहीत. तीन वेळा करून बघितलं, एकदा एसी लावून ३८ अंशांच्या उन्हात. नाहीत.

एकूण खर्च: फिल्टर, दोन फूट नळी, एक लग, पॉलिश पेपर. गॅरेजवाल्याने सांगितलेल्या पंपाच्या आकड्यात सगळं वीस वेळा झालं असतं.

वडिलांना फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग मोटरला केबल किती एमएमची आहे?' त्यांना अजून वाटतंय की मी विहिरीबद्दल बोलतोय.

एक शेवटचं. ५००० ला ४८ ऐवजी ४७ का? आणि गेज आता कायमचं डॅशबोर्डवर बसवावं म्हणतो, नळी फायरवॉलमधून आत आणून.

कोब्रा०३

मी माझ्यावर साधं गेज लावून बघितलं. स्लोला ३१. दोन दिवस अबोला धरून बसलो होतो, आज कबूल करतो.

बारा_तेराचा_पाना

४७ चालेल. त्या क्षणी बूस्टच साडेसात असू शकतो, आणि काट्याच्या गेजवर एका पीएसआयची भांडणं करू नयेत. बूस्टचं गेज आणि हे गेज एकाच व्हिडिओत घ्या. वजाबाकी ३९-४० आली की विषय संपला. पुढेमागे छोटी पुली लावून बूस्ट १२ वर न्यायचा मोह होईलच. तेव्हा ५२ लागतील, आणि दाब वाढला की पंप तेवढं पेट्रोल देत नाही. त्या वेळी पंपाचा विषय काढा.

पेट्रोलची नळी केबिनमध्ये अजिबात आणू नका. रेलवर इलेक्ट्रिक सेंडर बसवा, आत फक्त वायर येऊ द्या. आणि ते काचेवर टेपने चिकटवलेलं आधी काढा. ती नळी एक्झॉस्टवरून गेलीय का, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

द्राक्षवाला_ह्यूस्टन

...आत्ताच खाली जाऊन काढून आलो.